डावीकडचं धुकं

शेवटी ते गाणं दातदुखीचंच निघालं.

हे वाक्य इथे चुकून पडलं. ते कुणी वाचलेलं नाही असं धरून पुढे जाऊ.

तर, धुक्यावरचं जगातलं सर्वांत थोर गाणं ज्याने लिहिलं तो रॉक गाणारा गृहस्थ पंचविशीतच 'म्हातारा' या नावाने प्रसिद्ध होता. कारण आवाज. खडीच्या रस्त्यावरून लोखंडी कपाट ओढत न्यावं तसा तो आवाज, आणि मधेच त्यातून असा मऊ सूर निघे की कपाटात कुणी झोपलंय की काय, असं वाटावं. म्हाताऱ्याने चार रेकॉर्डी काढल्या, एकीवरही गाण्यांचे शब्द छापू दिले नाहीत, आणि मग गाणंच सोडून दिलं. आलेल्या पत्रांना तो उत्तर देत नसे. ही माहिती पक्की आहे, कारण एकोणीस पत्रं एकट्या पंख्यानेच पाठवली होती.

पंखा म्हणजे म्हाताऱ्याचा फॅन. हे नाव त्याच्या ताईने ठेवलं. "एका जागी गरगरतो, आवाज करतो आणि घरकामात काडीचा उपयोग नाही," असा तिचा खुलासा होता. पंखा एका दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसे. नंबर लावायचे, फायली काढायच्या आणि घाबरलेल्या माणसाला "काही होत नाही हो" म्हणायचं. हे तो मनापासून म्हणे, कारण त्याला स्वतःला कधी काही झालंच नव्हतं. बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत. "तुझ्यासारखी माणसं वाढली तर मला भाजी विकावी लागेल," असं डॉक्टरीणबाई त्याला दर सोमवारी ऐकवत.

बाहेर बसलेल्या पेशंटांसाठी गाणी लावण्याचं कामही पंख्याकडेच होतं. रोज अकराच्या सुमारास तो ते गाणं लावी.

दाट धुके, दाट धुके,
डावीकडे दाट धुके,
गार वारा लागे आत,
उजाडेना सारी रात.

शब्द एवढेच. बाकी चार मिनिटं मागे ड्रमची टपटप आणि पुढे गिटार, तीही अशी की कुणीतरी अंधारात भिंत चाचपत बटण शोधतंय. पंख्याच्या मते ते बटण शेवटपर्यंत सापडत नाही, हाच त्या गाण्याचा मोठेपणा.

आठ वर्षांपूर्वी पंखा दुसऱ्यांदा परीक्षेत आपटला आणि खोलीचं दार लावून बसला. अकरा महिने. आई दाराशी ताट ठेवून जायची. कुणाशी बोलणं नाही, आंघोळीचं तर नावच नको. ताईने एक दिवस काही न बोलता टेपरेकॉर्डर आत सरकवला, त्यात म्हातारा होता. आपल्याला जे होतंय त्याला धुकं म्हणतात, हे पंख्याला त्या दिवशी कळलं. नाव सापडल्यावर तो तीन आठवड्यांत दाढी करून बाहेर आला.

आता त्या गाण्याला चाळीस वर्षं होत होती. म्हाताऱ्याच्या चाहत्यांचं एक मंडळ होतं, सभासद एकोणीस. येत्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पंख्याचं भाषण ठरलं होतं. एक्केचाळीस पानं लिहून तयार होती. त्यातली नऊ पानं, धुकं डावीकडेच का, या एका प्रश्नाला वाहिलेली. प्रमुख पाहुणे म्हणून म्हाताऱ्याचा जुना ड्रमवाला यायचा होता. तो आता गाद्यांचं दुकान चालवी, म्हणून सगळे त्याला गादीवाले काका म्हणत.

मंगळवारी अकरा वाजता एक प्लंबर गाल धरून बाकावर बसला होता. गाणं सुरू झालं. प्लंबरने मान वर केली, डोळे मिटले, आणि दुसऱ्या ओळीला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पंखा गहिवरला. असा रसिक दवाखान्यात पहिल्यांदाच येत होता.

"भिडलं ना?" पंख्याने विचारलं.

"भिडणार नाही तर काय," प्लंबर कसाबसा म्हणाला. "कोण आहे हो हा? माझा नंबर नंतर लावा. आधी या बिचाऱ्याला आत घ्या."

"म्हणजे?"

"अहो, 'दात दुखे, दात दुखे' म्हणून कधीचा बोंबलतोय तो!"

पंख्याने गाणं परत लावलं. दाट धुके. दात दुखे. दाट धुके. काय ऐकू येतंय ते त्याला सांगता येईना. आतून डॉक्टरीणबाई हातमोजे घालूनच बाहेर आल्या. "परत लाव," त्या म्हणाल्या, आणि पेशंटचा एक्स-रे बघावा तशा समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

"डावीकडची खालची अक्कलदाढ," गाणं संपल्यावर त्यांनी निदान केलं. "गार वारा लागे आत, म्हणजे कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलीय. रात्री जास्त दुखतं, तेही बरोबर."

"मॅडम, हे एकटेपणाचं गाणं आहे."

"असेल ना. अक्कलदाढेला शेजारी एकाच बाजूला असतो."

"डावीकडे हृदय असतं मॅडम! मी नऊ पानं लिहिलीत त्याच्यावर!"

"बघ बाबा. मी आपली तोंडापुरती डॉक्टर."

त्या आत गेल्या आणि प्लंबरची दाढ काढून मोकळ्या झाल्या. पंख्याचं मात्र तेव्हापासून दुखायला लागलं, आणि नेमकं कुठे ते दाखवता येईना. धुकं नसेल तर त्या अकरा महिन्यांचं काय? आपल्याला जे झालं होतं त्याला मग नावच उरत नाही. आणि आपण बाहेर आलो ते एका सुजलेल्या गालाच्या भरवशावर?

"गादीवाल्या काकांना विचारून टाक ना सरळ," घरी ताई म्हणाली.

"आणि ते दात म्हणाले तर?"

"तर दात. बाहेर तर आलास ना? आता काय उलट्या पावली आत जाऊन बसणारेस? त्या खोलीत मी शिलाई मशीन ठेवलंय."

रविवारी वाचनालयात चोवीस माणसं जमली. डॉक्टरीणबाई मागच्या रांगेत होत्या. त्यांच्या शेजारी प्लंबर होता, गाल आता माणसासारखा. गादीवाले काका आले, त्यांनी खुर्ची अंगठ्याने दाबून बघितली, "कापूस नाही यात" असं तोंड केलं आणि बसले. पंख्याने गाणं लावलं. संपलं. त्याने पान एक हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"काका, भाषणाआधी एक विचारू? तो 'दाट धुके' म्हणतो की 'दात दुखे'?"

गादीवाल्या काकांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे ते 'ताट सुके' नाहीये?"

पंखा गाणं परत लावायला वळला, पण काका पुढे बोलू लागले.

"मी मागे बसायचो रे. ड्रमच्या आवाजात शब्द कुठले ऐकू यायला? मला आपलं वाटायचं, घरात एकटाच माणूस, एकच ताट, धुऊन उभं केलंय, सुकतंय. म्हणून मी ते असं वाजवलं, टप... टप... पाणी निथळल्यासारखं."

आणि खरंच, ते तसंच होतं. आठ वर्षं पंखा त्याला धुक्याचे थेंब समजत होता.

"रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांची तब्येत कशी होती?" मागून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकदम झकास. गाल तेवढा सुजला होता, हा एवढा. डोक्यावरून हनुवटीखाली मफलर बांधून आला. आम्हाला वाटलं, नवी स्टाइल. पुढे महिनाभर आम्ही चौघंही तसेच फिरलो."

चोवीस माणसं हसली. पंखा हसला नाही, पण रडलाही नाही. त्याने एक्केचाळीस पानं नीट जुळवली, पालथी घातली आणि टेबलाची कड धरून उभा राहिला.

"दात," तो म्हणाला. "ठीक आहे, दात. तो माणूस रात्रभर जागा होता, त्याला फार दुखत होतं, आणि सकाळी डॉक्टरकडे जायच्या ऐवजी तो गाणं म्हणायला आला. मी अकरा महिने पडून होतो तेव्हा मला धुकं ऐकू आलं. पण खरं सांगायचं तर मी शब्दांसाठी ऐकतच नव्हतो. आपल्याशिवाय आणखी कुणालातरी झोप लागत नाहीये, एवढंच कळत होतं. ते तर खोटं नव्हतं ना?"

"छे छे," प्लंबर मोठ्याने म्हणाला. "झोप कसली लागतेय!"

भाषण एवढंच झालं. मंडळाच्या इतिहासातलं सर्वांत छोटं भाषण म्हणून त्याला खूप टाळ्या मिळाल्या. मग गाण्यात नक्की काय आहे यावर मतदान झालं: धुक्याला अकरा, दाताला सात, आणि ताटाला एक, ते कुणाचं ते काकांनी सांगितलं नाही. निकाल कुणालाच पटला नाही. तेव्हा चहा पिता पिता एक अर्ज लिहायचं ठरलं. मजकूर पंख्याने सांगितला, अक्षर चांगलं असेल म्हणून डॉक्टरीणबाईंनी लिहायला घेतला, आणि डॉक्टरांचं अक्षर कसं असतं ते आठवल्यावर तो प्लंबरने पुन्हा लिहून काढला. सोमवारी तो टपालाने रवाना झाला:

"प्रति, मा. मुख्य अधिकारी, हवामान कार्यालय. महोदय, आपल्या कार्यालयाकडून धुक्याचे हलके, मध्यम, दाट व अति दाट असे चारच प्रकार जाहीर केले जातात, असे मंडळाच्या निदर्शनास आले आहे. तरी त्यांत 'दात' हा पाचवा प्रकार समाविष्ट करण्यात यावा. सदर प्रकारात बाहेर स्वच्छ ऊन असले तरी ते धुकेच धरण्यात यावे, आणि ते कोणत्या खोलीत, किती महिने राहील, याची पूर्वसूचना संबंधितांच्या घरच्यांना किमान एक दिवस आधी देण्यात यावी, ही नम्र विनंती."