धरणातला उंट

मालिनीबाईंना ऐन मे महिन्यात भाटघरच्या धरणात फिरायला न्यायचं, यात आनंदरावांचा फायदा काय होता ते आधी मांडलेलं बरं. लग्नानंतर कधीतरी त्यांनी वाळवंट दाखवायचा शब्द दिला होता. तो एका सकाळीत फिटणार होता, तोही राजस्थानचं तोंड न बघता, भोरपासून अर्ध्या तासावर. दुपारच्या जेवणाला घरी येता येणार होतं. आणि आणखी एक फायदा होता, जो त्यांनी स्वतःपाशीसुद्धा मोठ्याने मोजला नव्हता. पुण्याचे डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले, ते बायकोला सांगायची पाळी टळणार होती.

मालिनीबाईंनी भोरच्या शाळेत उभा जन्म भूगोल शिकवला. भूछत्र खडक, म्हणजे वाळवंटातला तो खाली बारीक नि वर रुंद खडक, त्या फळ्यावर अशा झोकात काढायच्या की मागच्या बाकावरची पोरंही झोपेतून उठून बघायची. खरा मात्र त्यांनी एकही पाहिला नव्हता. कपाटाच्या दाराला आतून एक जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलं होतं. तांबडं वाळवंट, मधोमध तसा खडक, त्याच्या बुंध्यावर कुण्या हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली हरणं, शिकारी आणि सूर्य. साडी काढताना रोज त्या पानाकडे बघायच्या. राजस्थानला जायचं मात्र लांबत गेलं. मुलीची, भार्गवीची, दहावी आली, मग तिचं बाळंतपण आलं, मग आनंदरावांची निवृत्ती. अखेर येत्या नोव्हेंबरात नक्की जायचं ठरलं, आणि बाईंच्या डोळ्यांचा मागचा पडदा बिघडला. कडेकडेचं दिसायचं, मधोमध मात्र शाई सांडल्यासारखा डाग.

एप्रिलात तपासणीला गेले तेव्हा डोळ्यांत थेंब घालून बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी आनंदरावांना आत बोलावलं. म्हणाले, "नोव्हेंबर लांब आहे. काही दाखवायचं असेल तर आत्ताच दाखवा."

आता मे महिन्यात राजस्थानात माणूस न्यायचा म्हणजे पापडासारखा भाजून आणायचा. आनंदरावांनी आठवडाभर डोकं खाजवलं. मग त्यांना आठवलं की उन्हाळ्यात भाटघरचं पाणी आटलं की तळाचे खडक उघडे पडतात आणि त्यांतला एक थेट कॅलेंडरातल्यासारखा आहे. कोरलेली चित्रं तेवढी नव्हती. ती करता येण्यासारखी होती.

हा माणूस वेल्ह्याच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होता आणि निवृत्तीच्या दिवशी खिशात राहिलेली सरकारी पेन्सिल परत करायला दुसऱ्या दिवशी एसटीने वेल्ह्याला गेला होता. अशा माणसाने आयुष्यातली पहिली लबाडी करायची म्हणजे ती कशी होणार.

त्यांनी गेनबा पाथरवटाला गाठलं. गेनबा धरणाकाठच्या गावात राहायचा. पूर्वी जात्या-पाट्यांना टाकी लावायचा, आता लोकांच्या बंगल्यांची नावं कोरायचा.

"गेनबा, हे एवढं त्या खडकावर कोरायचं," आनंदरावांनी कॅलेंडरच्या पानाचा फोटो मोबाईलवर दाखवला. "आणि जुनं दिसलं पाहिजे."

"किती जुनं, भाऊसाहेब?"

"चार-पाच हजार वर्षं."

गेनबाने हनुवटी चोळली. "मंग उद्या न्हाई व्हायाचं. परवा देतो."

"फोटोत आहे तसं कर म्हणजे झालं."

"हाय तसं," गेनबा म्हणाला, आणि फोटो पोराच्या मोबाईलवर पाठवायला लावला.

ठरल्या दिवशी ऊन चढायच्या आत गाडी काठावर लावून दोघं खाली उतरले. गाळ सुकून त्याच्या परातीएवढ्या खपल्या झाल्या होत्या. पाणी पार लांब, चांदीच्या पट्टीएवढं. बाईंनी डोक्याला पदर घट्ट बांधला, एका हाताने नवऱ्याचा दंड धरला आणि नाकाने वास घेतला.

"वाळवंटात मासळीचा वास येतो होय?"

"काही ठिकाणी येतो," आनंदराव म्हणाले.

"तुम्ही कधी गेला होतात?"

"वाचलंय."

खडकापाशी पोचल्यावर मात्र बाई थबकल्या. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने, कोंबडी बघते तशा त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग दंड सोडला, पुढे झाल्या आणि खडकाच्या बारीक कंबरेला दोन्ही हातांनी कवटाळलं.

"अगं बाई. हा आहे की."

"म्हटलं होतं ना."

"वाळवंटात वाऱ्याबरोबर वाळू जमिनीलगत उडते. म्हणून खालचं जास्त झिजतं, वरचं टोपीसारखं राहतं." त्या खडकाला गाल लावून बोलत होत्या, पण आवाज थेट आठवीच्या वर्गातला. "इथे वारा नाही हो. पाणी आहे. वर्षाला चढायचं, वर्षाला उतरायचं. लाटांनी घासून घासून कंबर काढलीय याची. किती गुळगुळीत आहे, बघा तरी."

आनंदरावांनी बघितलं ते बायकोचं तोंड. एवढं खुललेलं त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. इथेच त्यांनी समाधान मानून थर्मास उघडला असता तर फायदा पदरात होता. पण हावरेपणा नडतो.

"आणि हे बघ," ते म्हणाले, "इथे चित्रं सापडलीत. परवाच पुण्याचे कोणी येऊन गेले म्हणे. फार प्राचीन."

"कुठं?"

त्यांनी तिचा हात धरून खडकाच्या पोटावर ठेवला. बाईंची बोटं हळूहळू चालू लागली. हरिण लागलं. दुसरं हरिण. "शिंगं किती नाजूक," त्या पुटपुटल्या. सूर्य लागला, त्याच्या किरणांवरून बोट फिरलं. धनुष्य ताणलेले शिकारी लागले. आनंदराव बोटांच्या पुढे पुढे बघत होते, आणि तेव्हा त्यांना शिकाऱ्यांच्या पलीकडचं ते दिसलं.

काम झाल्यावर ते बघायला आले नव्हते. गेनबावर विसंबले होते. कॅलेंडरात खडकाच्या शेजारी एक जिवंत उंट उभा होता, पाठीवर हौशी प्रवासी घेऊन. गेनबाने काही वगळलं नव्हतं.

"तिकडे काही नाही," आनंदराव घाईने म्हणाले आणि बायकोचा हात मागे वळवू लागले.

"आहे की. थांबा." बोटं पुढे गेलीच. "उंट आहे हा."

"असतील तेव्हा उंट."

"वर माणूस बसलाय."

"हो का?"

"टोपी घातलीय त्याने."

"शिरस्त्राण असेल."

"आणि गळ्यात कॅमेरा."

"माळ असेल ती, मालिनी."

बाईंनी बोट तोंडासमोर धरून फुंकर मारली. पांढरी भुकटी उडाली. मग त्या खडकाला टेकून खाली बसल्या आणि हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. आनंदरावही कसनुसे हसले, चला, हसण्यावारी गेलं म्हणून जरा सैल झाले. तेवढ्यात बाई थांबल्या.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"कोण डॉक्टर?"

"पेन्सिल परत करायला एसटीने वेल्ह्याला जाणारा माणूस माझ्यासाठी दगडावर खोटं लिहून घेतो." त्या डाग पडलेल्या डोळ्यांनी त्यांच्या जरा डावीकडे बघत होत्या. तसं बघितलं की त्यांना नवरा दिसायचा. "म्हणजे नोव्हेंबरपर्यंत नाही ना?"

आनंदराव गाळावर शेजारी बसले. पांढऱ्या पायजम्याची पर्वा केली नाही, यावरूनच बाईंना उत्तर मिळालं. तरी त्यांनी डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं, एक शब्द न गाळता सांगितलं.

लांब पाण्यावरून एक टिटवी ओरडत गेली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नोव्हेंबरची वाट बघत होतीस," आनंदराव म्हणाले. "रोज कपाट उघडताना बघतो मी. म्हटलं, डोळ्यांचं माझ्या हातात नाही. वाट बघणं तरी का काढून घ्यावं."

बाईंनी चाचपून त्यांचा हात घेतला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला. डोळे पुसले ते दुसऱ्या हाताने. मग घसा खाकरून म्हणाल्या, "बरं. आता दाखवा मला नीट. माझ्या समोर काय आहे?"

"समोर म्हणजे, पूर्वेस पाण्याचा फुगवटा. दक्षिणेस डोंगर. पश्चिमेस..."

"चतुःसीमा नकोत. जमीन विकत घेत नाहीये मी."

आनंदराव गोंधळले. कचेरीत त्यांनी इतके पंचनामे लिहिले होते, पण एवढं अवघड काम कधी अंगावर पडलं नव्हतं. "गाळ..." ते म्हणाले आणि थांबले. "गाळ जवळ राखाडी आहे. लांब गेला की चहासारखा. तू दूध जास्त घालतेस तशा चहासारखा. भेगांमध्ये कुठेकुठे हिरवं गवत आलंय, अगदी बारीक. शिवण घातल्यासारखं."

"हं. पुढं?"

ते पुढे सांगत गेले. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"असंच," त्या शेवटी म्हणाल्या. "नोव्हेंबरात तिथे गेल्यावर असंच सांगायचं."

"नोव्हेंबरात?"

"जायचं ठरलंय ना? मला दिसो न दिसो. खरी चित्रं मी हातांनी बघेन. बाकीचं तुम्ही बोलायचं."

गेनबा काठावरून उतरत आला तो मोठ्याने विचारतच. "काय बाई, उंट कसा झालाय?"

आनंदरावांनी कपाळाला हात लावला. "गेनबा, तुला उंट कुणी सांगितला होता?"

"फोटूत व्हता की. तुमीच म्हनला, हाय तसं."

"सगळ्यांत चांगला तोच झालाय, गेनबा," बाई म्हणाल्या.

गेनबा खुलला. "म्या जल्मात उंट बगितला न्हाई, बाई. मान लई अवघड गेली. कुटं संपवावी कळंना." मग आनंदरावांचा हात खिशाकडे जाताना बघून म्हणाला, "हरणांचं आन् शिकाऱ्यांचं ठरलंय त्येवडं घेनार. उंट माज्याकडनं. पोराला शिकवलंय बाईंनी. आन् भाकरी खाल्ल्याबिगर सोडनार न्हाई, घरी चुलीवर कालवण हाय."

परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता आनंदरावांनी हिशेब लावून पाहिला. शब्द फिटला नव्हता, उलट नव्याने गळ्यात पडला होता. जेवण गेनबाच्या ओसरीवर झालं होतं. झाकायचं ते सगळं उघडं पडलं होतं. पाऊस लागून पाणी चढलं की हरणं नि सूर्य बुडणार होते, उंटही बुडणार होता.

"आता काय आलं?" शेजारून मालिनीबाईंनी विचारलं.

"वड. खाली एसटी उभी आहे. कंडक्टर टायरला लाथ मारतोय."

"जोरात?"

"नाही. सवयीने."

बाई हसल्या आणि काचेकडे तोंड करून पुढच्या वळणाची वाट बघू लागल्या. हरणांचं आनंदरावांनी दिलं, उंटाचं गेनबाने सोसलं. डोळ्यांचं देणं मालिनीबाईंच्याच नावावर राहिलं, आणि त्याचे हप्ते भोरपर्यंत आनंदराव एकेक शब्द मोजून भरत गेले.