लंगडीचा नियम ४ (अ)

नियम १. लंगडी घालणाऱ्याचा उचललेला पाय जमिनीला टेकल्यास तो बाद.

योगिनीचा टेकत नसे. टेकायला होताच कुठे? डावा पाय जन्मापासून गुडघ्याखाली चार बोटांवर संपलेला. त्या टोकाला ती बटाटा म्हणायची. मराठी मंडळाच्या वार्षिक सामन्यात ती आपला कृत्रिम पाय काढून आजोबांच्या मांडीवर ठेवायची आणि उजव्या पायावर जी सुटायची ती समोरचे पाच-सहा गडी बाद करूनच परतायची. आजोबा, म्हणजे निवृत्त वकील भगवंतराव, तोवर तो पाय तान्ह्या बाळासारखा धरून बसायचे. तीन वर्षं चषक तिच्या संघाकडे, गौलीगुड्याकडे होता.

सिकंदराबादची मंडळी पहिल्या वर्षी कौतुकाने रडली. दुसऱ्या वर्षी न रडता कौतुक केलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी लेखी हरकत घेतली.

नियम २. (गणवेशाबद्दल आहे. सोडून द्या.)

नियम ४ (अ).

हरकतीत म्हटलं होतं, की ही मुलगी उद्या पाय काढून लंगडी घालेल आणि पाय लावून पळेल, म्हणजे दोन्ही ताटांत जेवेल. नात पळत नाही हे भगवंतरावांना ठाऊक होतं. संघाची पळायची पाळी आली की ती बाकावर बसून बिस्किटं खायची. तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने कलम स्वतःच लिहून दिलं: 'खेळाडू ज्या अवस्थेत मैदानात उतरेल, त्याच अवस्थेत संपूर्ण सामना खेळेल.' सिकंदराबादने टाळ्या वाजवल्या. आजोबा घरी येऊन तासभर हसत होते.

नियम नाही. नारायणगुडा.

तिथे मोईजभाई कृत्रिम पाय बनवतात. योगिनी दर वर्षी वाढते, पाय वाढत नाही, म्हणून दर वर्षी बटाट्यावर ओलं प्लास्टर गुंडाळून नवा साचा घ्यायचा. या वर्षी त्यांनी टेबलावर दोन तळपाय मांडले. एक गव्हाळ, पाच बोटांचा, नखांसकट. दुसरा म्हणजे काळ्या कार्बनची वाकडी पाती. बोटं नाहीत, लाज नाही.

"बोलो बेगम, दिखाने वाला होना कि दौडने वाला?"

आईला नखं आवडली होती. सणासुदीला सँडल घालता येतील, असं तिचं म्हणणं. सँडल तू घाल, असं योगिनीचं.

मग मोईजभाईंनी तिला दोन दांड्यांमधून चालवलं, छोट्या चावीने स्क्रू फिरवला, पुन्हा चालवलं, कुठे खुपतंय ते विचारलं, पुन्हा फिरवला. अकराव्या खेपेला ते तिला बाहेरच्या बोळात घेऊन गेले आणि पळ म्हणाले. ती पळाली. फार नाही, पानाच्या टपरीपर्यंत. थांबता येईना, म्हणून टपरीवरच आदळली. पाय आज दिला, ब्रेक पुढच्या आठवड्यात देतो, असं मोईजभाईंनी पानवाल्याला सांगितलं.

नियम ४ (अ), पुन्हा.

सामन्याच्या दिवशी आजोबांनी सवयीने मांडी मोकळी केली. पाय आला नाही.

"मी पाय लावून खेळणार," योगिनी म्हणाली. "मला पळायचंय."

आजोबांनी वकिली गोडीने समजावलं. लंगडी घालताना हे धूड लोंबकळेल, टेकेल, चार उड्यांत बाद होशील. आणि कलमामुळे मध्येच काढताही येणार नाही.

"कलम कुणी लिहिलं?"

आजोबांनी खाकरून घेतलं.

"आजोबा, मला आजवर कुणी बाद केलेलं नाही."

"मीही तेच म्हणतोय."

"कारण माझ्यामागे कधी कुणी लागलंच नाही."

भगवंतरावांनी रिकाम्या मांडीवर घड्याळ काढून ठेवलं.

ती चार उड्यांत बाद झाली नाही. पाच लागल्या. बाकीच्यांनी मिळून सिकंदराबादच्या नऊपैकी आठ गडी बाद केले. मग पळायची पाळी. गौलीगुड्याचेही आठ गेले आणि मैदानात उरली एकटी योगिनी. एक मिनिट बाकी. ती टिकली तर बरोबरी, आणि बरोबरीत चषक जुन्या विजेत्याकडेच राहतो (नियम ६, तोही भगवंतरावांचाच).

सिकंदराबादचा ओमकार लंगडी घालत आला. हात पुढे केला, मागे घेतला, तिच्याभोवती फेरी मारली. घरचे संस्कार चांगले होते. प्रेक्षकांत एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. वीस सेकंद गेली. भगवंतराव घड्याळ बघत होते. संस्कारांवर त्यांची इतकी श्रद्धा पूर्वी कधी बसली नव्हती.

"कैकू डरता रे?" योगिनी म्हणाली. "मैं कांच की हूं क्या? नीट पकड, नाहीतर पाय काढून हाणीन."

ओमकारचे संस्कार तिथे संपले.

ती पळाली. पाती दबायची आणि तिला पुढे फेकायची. कोपरा आला, ती वळली, ब्रेक लागले, ओमकारचा हात हवेत गेला. पुन्हा एकदा तसंच. मागे एकाच पायाचा आवाज, धप, धप, धप. हा आवाज तिने तीन वर्षं केला होता. ऐकत होती पहिल्यांदा. तिला तो भयंकर आवडला. धप, धप, ध

पाठीवर थाप पडली. बाद.

भगवंतराव खुर्चीतून उठले. थाप पडण्याआधी ओमकारचा उचललेला पाय टेकला होता. पंचांनी पाहिलं नव्हतं, यांनी पाहिलं होतं. नियम १. बोट वर गेलं, चाळीस वर्षांची वकिली जिभेवर आली.

योगिनी धुळीत बसून हसत होती आणि आईला विचारत होती, की पाठीवर हाताचा ठसा उठलाय का. तिला आजोबांचं बोट दिसलं. हसणं थांबलं. तिने नकारार्थी मान हलवली, एकदाच.

काही हरकत आहे का, असं पंचांनी विचारलं.

बोट तसंच चष्म्यापर्यंत गेलं आणि चष्मा वर सरकवून खाली आलं.

"नाही. धूळ फार आहे इथं."

परतताना ऑटोत चषक नव्हता, त्यामुळे पाय पसरायला जागा होती. आपल्या चष्म्याचा नंबर बदललेला दिसतोय, असं आजोबा बाहेर बघत पुटपुटले.

"असू दे," योगिनी म्हणाली. "पुढच्या वर्षीही हाच लावून या."