खडीवरची अंडी

धान्याच्या कोठाराच्या अगदी माथ्याशी, खिडकीबाहेर, खडी पसरलेला एक अरुंद सज्जा होता. बहिरी ससाण्याच्या मादीने तिथे तीन अंडी घातली होती, तांबूस आणि ठिपक्यांची. कोठाराची लिफ्ट चालवणारी ताई ती रोज खिडकीच्या फटीतून बघायची आणि कुणाला तिकडे फिरकू द्यायची नाही.

तिचा धाकटा भाऊ सुतार. त्या खिडकीची कुजलेली चौकट बदलायला तो आला, तेव्हा ताई खाली माल उतरवत होती. त्याच्या ठोकाठोकीने मादी उडाली आणि लांबच्या धुरांड्यावर जाऊन बसली. भावाने बाहेर डोकावलं आणि त्याचा जीव हळहळला. उघड्या दगडांवर अंडी! ना काडी, ना पीस. त्याने फळ्यांचा छोटासा खोका ठोकला, रंधा मारताना निघालेल्या लाकडाच्या पातळ साली त्यात अंथरल्या, अंडी अलगद आत ठेवली आणि खोका वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात सरकवला.

ताई वर येताच तो म्हणाला, "बघ, बाळंतिणीची खोली तयार केली!"

ताईने बाहेर पाहिलं. मादी परतली होती. आधी अंडी होती त्याच खळग्यात पोट टेकून ती बसली होती. खोका हातभर अंतरावर. तिने एकदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रिकामी खडी उबवू लागली.

"अगं, अंडी समोरच आहेत की! हिला दिसत नाही का?"

"अरे शहाण्या, ससाणा घरटं बांधत नाही. कड्यावर पायांनी खडी उकरून खळगा करतो, झालं. तो खळगाच तिचं घर. असला खोका तिच्या सात पिढ्यांनी पाहिलेला नाही."

"मग मी आत्ताच परत ठेवतो."

"थांब. ती बसलेली असताना हात घातलास तर बोटं फोडील. आणि घाबरून कायमची गेली तर?"

"पण ती गार पडतील गं." भाऊ पुन्हा फटीशी वाकला.

"नराला येऊ दे," ताई मऊपणे म्हणाली. "तो शिकार आणतो तेव्हा ही जेवायला उठते. तेवढाच वेळ मिळेल तुला."

दोघं फटीला डोळे लावून बसली. कबुतरांचा एक थवा गुदामांवरून चालला होता. त्याच्या कितीतरी वर एक ठिपका होता.

"तोच," ताई कुजबुजली. "आधी उंची गाठतो. मग पंख मिटून खाली पडतो, सुटलेल्या दगडासारखा. कुठलीच मोटार त्याला गाठायची नाही."

ठिपका सुटला. थवा फुटला, आणि नर रिकाम्या पायांनी वर आला.

"चुकला!" भाऊ कळवळला.

"बरेचदा चुकतो. उपास काय आपल्यालाच घडतात?"

नर गोल गोल घिरट्या घेत पुन्हा चढला. भाऊ हातावर हात चोळत होता. दुसऱ्या झेपेला हवेत पिसांचा भुगा उडाला. नर कबूतर घेऊन ओरडत आला तशी मादी उठली, हवेतच उलटी झाली, त्याच्या पायांतली शिकार आपल्या पायांत घेतली आणि धुरांड्यामागे गेली.

"जा!"

भावाने खिडकी उघडली. एकेक अंडं खळग्यात ठेवलं आणि खोका आत ओढला. तेवढ्यात नर किंचाळत अंगावर आला आणि भावाची टोपी नखांनी उडवून गेला. ताईने खिडकी लावली.

नर सज्ज्यावर उतरला. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग नखं लागू नयेत म्हणून पायांच्या मुठी वळल्या, चोचीने अंडी पोटाखाली सारली आणि बसला. भाऊ तिथेच भिंतीला टेकला.

काही आठवड्यांनी ताईने त्याला बोलावून घेतलं. सज्ज्यावर कापसासारखी दोन पिल्लं होती. तिसरं अंडं तसंच पडलं होतं.

"माझ्यामुळे?" त्याने विचारलं.

"कोण जाणे. सगळीच अंडी कुठे फुटतात? पण पुन्हा हात लावायच्या आधी मला विचार."

त्याने मान डोलावली. बाहेर मादीने मांसाचा बारीक तुकडा तोडला, मोठ्या पिल्लाला ओलांडून लहानाच्या चोचीत दिला.

"बघ, धाकट्याचे लाड चाललेत."

"लाड कसले! तुझ्यासारखा सारखा ओरडतो, म्हणून आधी त्याचं तोंड बंद करते ती."