सायकल शर्यतीच्या वाटेतला ब्रेकर

मित्रांनो, मी एक जुना गतिरोधक आहे. म्हणजे तुमचा ब्रेकर. आधी काय शिव्या घालायच्या त्या घालून घ्या, मग निवांत ऐका. शिव्यांची मला सवय आहे, आणि आज मी फार खुशीत आहे.

माझा जन्म भोसरीतला. शाळेसमोर एका टेम्पोने गवराबाईंच्या नातवाचा पाय मोडला, तेव्हा या भाजीवाल्या आजी पाटी घेऊन थेट रस्त्याच्या मधोमध बसल्या. त्यांच्या मागे वस्तीतल्या बायका बसल्या. वाहनांची रांग लागली, रस्त्याचे साहेब धावत आले आणि लगेच गरम डांबर-खडीतून मी उभा राहिलो. उभा म्हणजे आडवाच. पाठीवर पांढरे पट्टे ओढले, तेव्हा मला मुंडावळ्या बांधल्यासारखे वाटले.

चाकणच्या कंपन्यांच्या बस, टेम्पो, रिक्षा, भले भले माझ्यापाशी येऊन नरम पडत. धम्मरत्न भाऊंचा मात्र माझ्यावर विशेष राग. कंपनीच्या शिफ्टला त्यांना कायम उशीर झालेला. मोटारसायकल माझ्यावरून उडाली की म्हणायचे, "कंबर मोडली राव ह्या ब्रेकरनं."

कडेला बसलेल्या गवराबाई लगेच उत्तर द्यायच्या, "मोडू दे की. पोरांच्या पायापरीस तुजी कंबर मोडल्याली बरी."

याच भाऊंची मुलगी मैत्री. शाळेत जाताना ती दोन्ही हात पसरून माझ्या पाठीवरून तोल सावरत चालायची. माझे कौतुक करणारी ती एकटीच.

आणि एके दिवशी बातमी आली. आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या रस्त्यावरून जाणार! सातासमुद्रापलीकडचे खेळाडू येणार! माझा आनंद गगनात मावेना. खड्डे बुजले, दुभाजक रंगले, फुलांच्या कुंड्या आल्या. कुंड्यांसाठी गवराबाईंना जागा सोडावी लागली, त्यांचा धंदा आठवडाभर बसला. मला वाटले, आता आपल्यालाही नवे पट्टे मिळणार. मी नवरदेवासारखा तयार होतो.

यंत्र आले आणि त्याने मला खरवडून काढले.

पातळ चाकांच्या त्या सायकली माझ्यावर आपटल्या असत्या, हे मलाही कळते. शिवाय साहेब म्हणाले होते, "शर्यत झाली की लगेच नवीन बसवू." म्हणून मी रुसलो नाही. गटाराच्या कडेला ढिगारा होऊन पडलो. माझ्यावर स्वागताचा फ्लेक्स टाकला होता. त्याला एक भोक होते, तेवढे मला पुरले.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून रस्ता बंद. रिक्षा बंद, दुकाने बंद, भाऊंचा कामावर खाडा. पण गर्दी काय सांगू! मैत्री भाऊंच्या खांद्यावर बसली होती. "आले, आले," अशी आरोळी उठली आणि रंगीबेरंगी थवा सर्रकन निघून गेला. फ्लेक्स फडफडला. ढिगाऱ्यात पडल्या पडल्या मी शहारलो. असा वेग मी जन्मात पाहिला नव्हता.

"संपलं व्हय?" गवराबाई म्हणाल्या. "एवढ्यात चा बी उकळत न्हाई. पर पोरं झ्याक पळाली."

पाहुणे गेले, पाठोपाठ कुंड्या गेल्या. गवराबाई आपल्या जागी परतल्या. मी मात्र ढिगाऱ्यातच. वस्तीतले कोणी साहेबांकडे गेले की उत्तर मिळे, सगळा निधी शर्यतीत संपला. तिकडे गुळगुळीत रस्त्यावर वाहने सुसाट सुटली. सगळ्यांत खूश धम्मरत्न भाऊ. म्हणायचे, "आता कसा फॉरेनसारखा रोड झाला."

एका सकाळी ते रात्रपाळी करून परतत होते. डोळ्यांवर झोप होती आणि गाडी जोरात होती. शाळेसमोर अचानक एक दप्तर आडवे आले. ब्रेक करकचले, गाडी घसरली आणि दप्तरापासून वीतभर अंतरावर थांबली. भाऊंनी मान वर केली. समोर मैत्री होती.

"पप्पा," एवढेच ती म्हणाली.

भाऊ रस्त्यावरच बसून राहिले. गवराबाई पाटी घेऊन आल्या आणि त्यांच्या शेजारी, रस्त्याच्या मधोमध टेकल्या.

"ऊठ बाबा, घरी जा," त्या म्हणाल्या. "ब्रेकर येस्तवर मीच ब्रेकर हाय."

भाऊ घरी गेले नाहीत. त्यांनी फ्लेक्स बाजूला केला आणि माझा एक तुकडा उचलला. ज्यांची कंबर मी मोडत होतो, त्यांनीच मला छातीशी धरून नेले. मग सगळी वस्ती कामाला लागली. पलीकडच्या गल्लीत रस्त्याचे काम करणाऱ्या मजुरांनी घमेल्यातून गरम डांबर आणून दिले. दुपारपर्यंत मी पुन्हा आडवा झालो. थोडा वाकडा आहे, थोडे पोट सुटले आहे. पट्टे मैत्रीने खडूने ओढलेत.

पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत येणार आहे म्हणे. येऊ द्या, मित्रांनो, मी आतापासून वाट बघतोय. मला उचला, खुशाल उचला. पाहुण्यांची पाठ फिरली की परत ठेवा, एवढेच मागणे. पाहुणे एकदा जातात, मैत्री रोज जाते.

ती बघा, आत्ताच निघाली आहे. दोन्ही हात पसरून माझ्यावरून तोल सावरत चालली आहे. धम्मरत्न भाऊ गाडी थांबवून, एक पाय टेकवून उभे आहेत. शिफ्टला उशीर झालाय, पण ते हॉर्न वाजवत नाहीत.