येतो म्हणणारी माणसं

कुमुद तासगावकरच्या कॉम्प्युटरवर ज्या खिडक्या उघडत, त्यांतून माणसं आत येत. आधी कोपर टेकायचं, मग खांदा आत घालायचा, मग तिच्याच पडद्यावर आपलं काम मांडून बसायचं, अशी रीत होती. मात्र आधी "येऊ का?" म्हणून विचारावं लागे. कुमुदनं नाव घेऊन "या" म्हटलं तरच खिडकी उघडे. नाव नाही तर दिल्लीचा बादशहासुद्धा बाहेर उभा.

कालव्यांच्या नकाशांचं ते ऑफिस. पडद्याचा उजवा कोपरा कुमुदनं मुलीसाठी राखला होता. लग्न होऊन मृण्मयी परदेशी गेली, तेव्हापासून ती त्या कोपऱ्यातल्या खिडकीतच असायची. भाजी निवडायची, आईशी बोलायची. कुमुदचा सगळा जीव त्या कोपऱ्यात होता.

सोमवारी अमळनेरचे भावसार आले. त्यांच्यामागे आणखी कोण कोण ताटकळत होते. आल्या माणसाला दारात उभं ठेवणं कुमुदच्या जिवावर आलं.

"या हो, सगळेच या," ती बोलून गेली.

आले की! दुपारपर्यंत पडद्यावर मुंगीला शिरायला जागा उरली नाही. नकाशा गेला, कोपरा गेला. कुमुद एखादा शब्द टाइप करायला घेई, तोवर चार जण तो मोठ्यानं म्हणून दाखवत. तिनं नुसतं 'मृ' लिहिलं.

"मृण्मयीताई आमच्या मागे आहेत," भावसार म्हणाले. "आम्ही देतो निरोप."

तिनं मुलीला फोन लावला. तोही त्यांनीच उचलला.

कॉम्प्युटर बघणारे काझीसाहेब आले आणि चष्मा पुसत उभे राहिले.

"सगळेच या म्हणालात?"

"तोंडातून गेलं हो."

"मग आता 'जा' म्हणून भागत नाही, बाई. ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं 'जातो' म्हणायला हवं. मग ती खिडकी कायमची मिटते. 'येतो' म्हटलं, तर यंत्र येणंच धरतं."

कुमुदनं हात जोडले. "उशीर झाला, निघा आता."

माणसं सभ्य होती, लगेच उठली. "बरं, येतो हं," म्हणाली आणि दुपटीनं आत आली.

"जातो म्हणा हो!" कुमुद रडकुंडीला आली.

"इश्श, असलं अभद्र कोण बोलेल?" पदर सावरत एक बाई म्हणाल्या.

कुमुदही जन्मात कधी कुणाकडून निघताना 'जाते' म्हणाली नव्हती. तिला संताप आला, त्या माणसांचा आणि स्वतःच्या भिडेचाही.

तेवढ्यात त्या पाठीखांद्यांच्या आडून चेंगरलेला आवाज आला. "आई, श्वास घ्यायला जागा नाही गं इथे."

"थांब बाळा, काढते यांना."

"कशाला? तू त्यांचंच आदरातिथ्य कर. मी जाते."

"अगं, येते म्हण!" कुमुद किंचाळली. "मृणू, येते म्हण!"

खिडक्या अदबीनं बाजूला सरकल्या. उजव्या कोपऱ्यात एका खिडकीएवढी जागा मोकळी पडली होती. कुमुदनं तिथे हात लावला. काच नव्हती. आतून गार वारा येत होता.