रांगेसमोरचा हवालदार

हवालदार व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकाला टेकून उभा राहिला आणि त्याने रांगेकडे सावकाश एक नजर फिरवली. अंगात साधा शर्ट होता, पण रांगेला त्याचा चेहरा पाठ होता. निम्म्यांना त्यानेच कधी ना कधी आत टाकलं होतं. पाच मिनिटांत चाळीस जणांची रांग नवावर आली.

त्याला बरं वाटलं. साहेबांना महिनाअखेर केसेस दाखवायच्या आहेत, हे इथे उभं राहण्याचं कारण सांगायला होतंच. खरं कारण गोळ्यांच्या खिडकीच्या आत बसलं होतं. केंद्राचा कंपाउंडर त्याचा साडू होता, धाकट्या मेहुणीचा नवरा.

वीस वर्षं अमली पदार्थांच्या पथकात हाडं झिजवली हवालदाराने, आणि सासुरवाडीत कौतुक कोणाचं, तर गोळ्या वाटणाऱ्याचं! गेल्या महिन्यात माल विकणाऱ्या गल्लीवर घातलेल्या मोठ्या छाप्यानंतर पेपरात हवालदाराचा फोटो आला. सासऱ्यांनी तो पाहिल्यासारखं केलं आणि विचारलं, "आता तरी ती गल्ली बंद होईल का हो?" विचारलं तेही साडूला. गल्ली आठवडाभर ओस पडली, मग पुन्हा जैसे थे. साडूची रांग मात्र दुप्पट झाली. माल पकडायचा आपण आणि दुवा घ्यायचा साडूने. हवालदाराचा नुसता जळफळाट होत होता.

साडू हात पुसत बाहेर आला.

"दादा, जरा बाजूला व्हा ना. माणसं आत यायला घाबरतायत."

"रस्ता सगळ्यांचा आहे."

"आज गोळी चुकली, तर तलफ उठून संध्याकाळी गल्लीत जातील."

"मग तिथे पकडतो. कामच आहे ते माझं."

साडूने वाद घातला नाही. तो नुसता रस्त्यापलीकडे बघत राहिला, तशी हवालदाराचीही नजर तिकडे गेली.

बंद दुकानाच्या पायरीशी हवालदाराची बायको उभी होती. तिने आपल्या भावाचं मनगट घट्ट धरलं होतं. मेहुणा बाहेरगावी नोकरीला लागलाय, असं हवालदाराला घरात सांगितलेलं होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तुमच्या छाप्यानंतर. माल मिळेना, अंग मोडून आलं, तेव्हा ताई घेऊन आल्या."

"मला कोणी बोललं नाही."

साडू आत खिडकीशी जायला वळला.

सख्ख्या भावाचं दुखणं बायकोने साडूच्या ओंजळीत टाकलं होतं, आणि नवऱ्याला मुकाट्याने रोज डबा भरून दिला होता. हवालदाराला साडूचा इतका हेवा आजवर कधीच वाटला नव्हता. निघून जायचं, तर त्या दोघांच्या समोरूनच जावं लागलं असतं. तो फाटकापासून हलला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पाठीमागे पावलं वाजली. आधी दोघांची, मग बऱ्याच जणांची.

"ठेव जिभेखाली. थांब... आता तोंड उघड. विरघळली? शाब्बास! एकविसावा दिवस," साडू म्हणाला.

या रांगेतल्या कोणालाही हवालदार कधी शाब्बास म्हणाला नव्हता. त्याला त्या शब्दाचाही हेवा वाटला.

"भावजी," बायकोचा दबका आवाज आला, "उद्याही हे असतील का इथे?"

"त्यांनाच विचारा की, ताई."

तिने विचारलं नाही. तिच्या चपला मात्र तिथेच घुटमळत राहिल्या.

"नसेन," हवालदार भिंतीलाच म्हणाला. "गल्लीच्या तोंडाशी असेन. तुझ्या भावाला म्हणावं, तिकडून येऊ नको."