तापलेल्या रोपांची पिढी

सुट्टीनंतर चिमणीने प्रयोगशाळेतलं रोपं वाढवायचं कपाट उघडलं आणि गरम वाफ तिच्या तोंडावर आली. गारव्याचं यंत्र बंद पडलं होतं. प्रयोगाची चिमुकली रोपं माना टाकून पडली होती.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमची चिमणी ही शेवटची विद्यार्थिनी. चणीने लहान, म्हणून हे नाव मॅडमनीच पाडलेलं. मॅडम लवकरच निवृत्त होणार होत्या.

"टाकून दे सगळं," त्या म्हणाल्या.

"काही जगलीत, मॅडम. त्यांना बी धरू द्या ना."

"धरू दे. हाती काही लागायचं नाही."

मॅडमना खात्री होती. रोपाच्या डीएनएत काही उनाड तुकडे असतात; स्वतःची नक्कल करून ती भलत्याच जागी घुसवतात. रोप त्यांच्यावर मेथिलच्या रासायनिक खुणा लावून त्यांना गप्प बसवतं. उष्णतेने ते जागे होतात, पण बी धरण्याआधी रोप त्यांना पुन्हा दडपतं, असं मॅडम आयुष्यभर शिकवत आल्या होत्या. या रोपांत प्रयोगासाठी खुणा लावायची यंत्रणाच मुद्दाम अधू केलेली होती. तरी त्यांचं मत तेच.

चिमणीने ते बी पेरलं. नव्या रोपांना उष्णतेची झळ कधी लागलीच नव्हती. तरीही एक रोप काही केल्या फुलेना. तिने त्याचा डीएनए तपासला, विश्वास बसेना म्हणून पुन्हा तपासला, आणि लॅपटॉप घेऊन मॅडमच्या खोलीत गेली.

"फुलण्याच्या जनुकातच उनाड तुकड्याची नवी नक्कल बसलीये," ती हळूच म्हणाली. "आई-रोपाच्या डीएनएत ती नव्हती."

मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"शेजारचं रोप तपासलंस?"

"हो. त्यातही नव्या नकला आहेत. वेगळ्या जागी."

"म्हणजे पोरांपर्यंत पोचलं."

जिंकल्यासारखं चिमणीला मुळीच वाटत नव्हतं.

"निरोपाच्या भाषणानंतर सांगू या का, मॅडम? लोक तुमच्यासाठी येणारेत."

"म्हणूनच तर भाषणात सांगायचं."

निरोपाच्या दिवशी सभागृह जुन्या विद्यार्थ्यांनी भरलं होतं. मॅडमनी हार बाजूला ठेवला. "मी तुम्हाला शिकवलेली एक गोष्ट चुकीची होती," त्या म्हणाल्या, आणि ते फुलं नसलेलं रोप पडद्यावर दाखवलं.

शेवटी मागून कुणीतरी प्रश्न विचारला.

"ते हिला विचारा," असं चिमणीकडे हात करून म्हणत मॅडम मंचावरून खाली उतरल्या आणि पहिल्या रांगेत, ऐकणाऱ्यांत जाऊन बसल्या.